चाऊडर, हमूर आणि रुपया

शुक्रवारी कॉर्निशजवळच्या तिसऱ्या हॉटेलात सीफूड चाऊडर चाखलं. हमूर (आपला हेकरू हो!) बिचारा दूध-बटाट्यात बुडालेला. हा अमेरिकन पाहुणा इथे तेलाच्या पैशामागून आला. त्याआधी दोहाची मासळी भातावर, मसाल्यात, सुकवलेल्या लिंबासोबत, म्हणजे मच्छबूस. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात जायचे, परतीच्या गलबतांतून तांदूळ-मसाले यायचे. १९३० च्या दशकात मंदी आणि जपानी कल्चर्ड मोत्यांनी तो धंदा बुडवला. रुपया मात्र टिकला. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कतारात त्या १९६६ पर्यंत चालल्या. तोवर इथल्या बाजारात हमूरसुद्धा रुपयांतच मिळायचा! चौथं हॉटेल रद्द. पुढच्या शुक्रवारी मच्छबूस. कोण येतंय?