सी.पी. बेरार गेला, पिक्चरमध्ये राहिला

 

2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. त्या काळात पुण्याकडचे मित्र मला विचारायचे, "तुम्हा यवतमाळवाल्यांना हिंदी एवढी कशी काय चालते?" शाळेमुळे नाही राव. आम्हाला हिंदी लावली ती प्रेमाच्या पिक्चरनी.

सिनेमाच्या धंद्याचा नकाशा सरकारी नकाशापेक्षा वेगळा आहे. वितरकांच्या लेखी यवतमाळ आजही 'सी.पी. बेरार' सर्किटमध्ये आहे, रायपूरच्या सोबतीनं. पैनगंगा ओलांडून नांदेडकडे गेलं की 'निजाम' सर्किट लागतं. सी.पी. अँड बेरार हा हिंदी आणि मराठी मुलूख एकत्र असलेला प्रांत, राजधानी नागपूर. 1950 मध्ये त्याचं नाव गेलं, 1956 मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. पण पिक्चरच्या पेट्या अमरावती-भुसावळच्या वितरकांच्या हिशेबानंच फिरत राहिल्या.

आणि हिंदी पडद्यावरचा सुरुवातीचा मोठा प्रेमवीरही याच प्रांतात वाढलेला. अशोककुमार. जन्म भागलपूरचा, पण घर खंडव्याला, वडील तिथे वकील. खंडवा तेव्हा आपल्याच प्रांतात होतं. हा गडी बॉम्बे टॉकीजच्या लॅबमध्ये कामाला होता. 'जीवन नैया'चा ठरलेला हीरो नायिका देविका राणीला घेऊन पळाला. ती परत आली, त्याला घरी बसवलं, आणि हिमांशू राय यांनी लॅबमधल्या पोराला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. साल 1936. त्याच वर्षी 'अछूत कन्या' आला. ब्राह्मण मुलगा, अस्पृश्य मुलगी. बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली ती आदल्याच वर्षी. पिक्चरमध्ये मात्र दोघांचं लग्न होत नाही, आणि शेवटी रेल्वेखाली मरते ती पोरगीच. प्रेम दाखवायला हरकत नव्हती, जात मोडायला होती.

पुढे त्याची जोडी जमली एका मराठी बाईशी, लीला चिटणीसांशी. धारवाडचा जन्म, बी.ए. झालेल्या, लेकुरवाळ्या. 'कंगन' (1939), 'बंधन' (1940), 'झूला' (1941), तिन्ही तुफान चालले. वयात दोघांचं अंतर जेमतेम दोन-तीन वर्षांचं. पण 1948 च्या 'शहीद'मध्ये लीलाबाई दिलीपकुमारच्या आई झाल्या, 1951 च्या 'आवारा'त राज कपूरच्या. अशोककुमार 1958 मध्येसुद्धा 'हावडा ब्रिज'मध्ये मधुबालासमोर हीरोच! आज साठीतल्या हीरोंवर आपण हसतो, पण हे दुखणं जुनं आहे.

मराठी बाया हिंदीत प्रेमिका झाल्या, नूतनपासून माधुरीपर्यंत. मराठी बाप्या क्वचितच. अमोल पालेकर आले, तेव्हा 'छोटी सी बात'मध्ये त्यांना पोरगी पटवायचे धडे द्यायला खंडाळ्यात कर्नल बनून बसलेला कोण? आपला खंडव्याचाच अशोककुमार. पण त्यातही पालेकरांचं नाव अरुण प्रदीप. मुंबईचा नोकरदार, पण आडनावाचा पत्ता नाही. हिंदी पिक्चरमध्ये मराठी बोलायचे ते हवालदार आणि भांडेवाली बाई.

म्हणून म्हणतो, आमच्यावर हिंदी कोणी लादली नाही हे खरं, पण ती फुकटातही आली नाही. भांडण वऱ्हाडीत, हिशेब मराठीत आणि प्रेम हिंदीत, अशी वाटणी आमच्या डोक्यात झाली. "मले तू आवडते" असं म्हणणारा हीरो आम्ही कधी पाहिलाच नव्हता. चिठ्ठ्या हिंदीत लिहिल्या जायच्या, त्याही पिक्चरमधून उचललेल्या.

मीही एक लिहिली होती. अकरावीत. तिनं वाचली, घडी घालून परत दिली आणि विचारलं, "काऊन रे, मराठी नाही येत का तुले?"