अर्ज हक्काचा, भाषा रयतेची



बचत गटाच्या कामात आपण वर्षभर अर्ज लिहीत असतो. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं, उत्पन्नाचा दाखला काढायचा, निराधारचे पैसे अडकले म्हणून तहसीलात विचारायचं. मजकूर दर वेळी वेगळा, पण सुरुवात आणि शेवट ठरलेला. वर 'साहेबांचे सेवेशी', मधे 'मी गरीब बाई असून आपण मायबाप आहात, तरी कृपा व्हावी', आणि खाली 'आपली आज्ञाधारक'. हे शब्द कुठल्या काळातले आहेत, ते आज पाहू.

1853 साली नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. गादीला मुलगा नाही, हे कारण पुढे करून डलहौसीने राज्य खालसा केलं. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि 1862 मध्ये नागपूरमधून आपला वर्धा जिल्हा वेगळा निघाला. नव्या सरकारला आधी हवा होता शेतसारा. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील सारा गोळा करून भरत असे. इंग्रजांनी अशा सारा भरणाऱ्यांना गावाचे मालकच करून टाकलं. तेच मालगुजार. 'माल' म्हणजे सारा आणि 'गुजार' म्हणजे भरणारा. शब्दाने तो नुसता भरणारा, पण कागदावर झाला मालक. पिढ्यान् पिढ्या जमीन कसणारी कितीतरी घरं त्याची कुळं झाली.

मालगुजाराच्या वर जिल्ह्याचा साहेब. मुंबई इलाख्यात त्याला कलेक्टर म्हणत, म्हणजे सरळ अर्थाने वसूल करणारा. आपल्याकडे तोच डेप्युटी कमिशनर. सारा वसूल करणाराही तो आणि मॅजिस्ट्रेट म्हणून शिक्षा देणाराही तोच. अशा माणसापुढे रयतेला मागण्यासारखा हक्क नव्हता, फक्त विनवणी होती. म्हणून तो 'मायबाप'. मायेने नव्हे, नाइलाजाने.

'आज्ञाधारक' हेही त्याच कचेरीतलं. इंग्रजी सरकारी पत्राच्या शेवटी 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' अशा अर्थाचे शब्द लिहून सही करायची रीत होती. ती रीत आपल्या अर्जात अजून टिकून आहे.

सगळेच शब्द इंग्रजांनी आणले असं नाही. अर्ज, साहेब, सरकार हे अरबी-फारसीतून आले, ते मराठी राज्यातही चालत होते. इंग्रजांनी ते तसेच घेतले आणि त्यांच्यामागे आपला कायदा आणि पोलीस उभे केले. इंग्रजांचा मोठा लॉर्ड आपल्या तोंडी 'लाट' झाला. आज कुणी फार रुबाब केला की आपण म्हणतो, 'मोठा लाटसाहेब लागून गेला!' बोलण्यात आपण त्याची थट्टा करतो, आणि अर्जात मात्र अजून हात जोडून उभ्या राहतो.

हे झाले वर बघून बोलायचे शब्द. खाली बघून बोलायचेही शब्द त्याच काळाने दिले. 1871 साली इंग्रजांनी कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. तान्ह्या लेकराने कसला गुन्हा केला असेल? 1952 मध्ये तो कायदा गेला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण पारधी बेड्यावरच्या बाईला गटात घ्यायचं म्हटलं की आजही कुजबुज होते, 'ते चोरटे लोक, कर्ज बुडवतील'. कायदा रद्द होऊन सत्तर वर्षं झाली, तरी आपल्या तोंडून तो अजून चालूच आहे. साहेबापुढे आपण जितक्या वाकतो, तितक्याच त्या बाईपुढे ताठ होतो. दोन्ही सवयी एकाच घरच्या.

शब्द टाकता येतात, हे वर्ध्याला नवीन नाही. जमनालाल बजाजांनी इंग्रजांनी दिलेली 'रायबहादूर' पदवी असहकाराच्या चळवळीत सोडून दिली. 1951 मध्ये मालगुजारी गेली. 2012 मध्ये राष्ट्रपती भवनाने आपल्या कामकाजातून 'महामहिम' हा शब्द काढला. राष्ट्रपतींना चालतं, तर तहसीलात का चालू नये?

आणि आता आपल्यामागे कायदाही आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. यात येणारा दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क आहे. मुदत टळली तर अपील करता येतं आणि विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. कृपेला मुदत नसते, हक्काला असते. आपणच 'कृपा व्हावी' लिहिलं, तर समोरचाही 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणायला मोकळा.

आदर सोडायचा नाही, मैत्रिणींनो. 'माननीय तहसीलदार' लिहा, बोलताना 'साहेब' किंवा 'मॅडम' म्हणा. आपल्या घरी आपण लहान लेकरालाही 'या बसा' म्हणतो. फक्त स्वतःला खाली पाडायचं नाही. 'मायबाप' काढा. 'कृपा व्हावी' ऐवजी लिहा, 'या कायद्यानुसार मुदतीत दाखला मिळावा'. खाली 'आज्ञाधारक' नको, 'अर्जदार' लिहा आणि आपलं पूर्ण नाव. मग अर्जाची पोच मागा, तारीख आणि क्रमांकासहित.

पुढच्या बैठकीत एक जुना अर्ज काढा आणि सगळ्या मिळून तो नव्याने लिहा. त्या बैठकीला बेड्यावरच्या बायांनाही बोलवा. अर्ज त्यांनाही लिहायचा असतो.