बांबू गेला, पुस्तक आलं नाही

आधी बांबूचं बोलू. ग्रंथालयाचा इतिहास लिहायला घेतला आणि हा बांबूचं काय काढून बसला, असं काही दोस्त म्हणतील. पण कागद कशाचा होतो हे पुस्तकवाल्यांना ठाऊक नसलं तरी आमच्या भागातल्या पोराला ठाऊक असतं. धानोरा, एटापल्ली, आलापल्लीच्या जंगलात बांबू तुटायचा, बंडल बांधले जायचे, ट्रक भरून बल्लारपूरकडे निघायचे. बल्लारपूरची कागद कंपनी १९४५ साली स्थापन झाली. पुढं कित्येक वर्षं वनखात्यानं लीजवर बांबू दिला, गोंड-माडिया बाया-माणसांनी तो मजुरीनं तोडला, आणि त्या कागदावर देशभरच्या पोरांनी धडे गिरवले. परतीच्या ट्रकमध्ये काय आलं? रिकामी ताडपत्री.

ज्याच्या हातानं बांबू तुटला त्याच्या गावात पुस्तक केव्हा गेलं, कोणी नेलं, कोणाच्या भाषेत नेलं, याचा इतिहास मला कुठं एकत्र लिहिलेला दिसला नाही. म्हणून पाळी सुटल्यावर बसून जमेल तसा लिहितोय.

मराठी ग्रंथालयांचा जो इतिहास सांगतात तो असा : रत्नागिरी १८२८, पुणे १८४८, ठाणे १८९३, मुंबई १८९८. तारखा खऱ्या आहेत. कामही खरं, ते नाकारत नाही. पण १८४८ हेच साल घ्या. ज्या वर्षी पुण्यात वाचनालय निघालं त्याच वर्षी त्याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. एका बाजूला वर्तमानपत्र चाळणारे लोक, दुसऱ्या बाजूला अक्षर शिकवते म्हणून अंगावर शेण झेलणारी बाई. गाव एकच. आता सांगा, त्या वाचनालयाच्या 'सार्वजनिक' या शब्दात आपला आजा-पणजा होता का?

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला, तो आपल्या सभांमध्ये नेहमी सांगतात. महाडचं तळं त्यातूनच पुढं आलं. त्या ठरावातली यादी कधी नीट वाचलीय का? पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने. वाचनालय नाही. घटनेचं कलम १५ काढा. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावं आहेत, आणि सरकारी पैशातून चालणारी लोकांच्या वापराची ठिकाणं म्हणून बाकी सगळं एका वाक्यात घेतलंय. त्या वाक्यात वाचनालय बसतं, कायद्यानं हक्क पुरा आहे. पण नाव नाही. मला वाटतं याचं कारण साधं आहे. तहान लागली तर माणूस पाण्यापर्यंत जातो आणि तिथं मार खातो, तेव्हा पाण्याचं भांडण दिसतं. पुस्तकाची तहान लागूच दिली नव्हती. भांडण दिसायला आधी दारापर्यंत तरी जावं लागतं ना! (आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, मुंबईचा तो ठराव इथं लागूही नव्हता. आम्ही मुंबई राज्यात आलो ते १९५६ साली.)

दारापर्यंत जाणारे अमेरिकेत होते. ज्यांच्या पँथरवरून १९७२ साली आपल्या पँथरनं नाव घेतलं, त्या काळ्या माणसांची ही गोष्ट. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात गोऱ्यांचं ग्रंथालय वेगळं, काळ्यांचं वेगळं. २७ मार्च १९६१ ला टूगालू कॉलेजचे नऊ काळे विद्यार्थी आधी काळ्यांच्या ग्रंथालयात गेले, तिथं नसलेली पुस्तकं मागितली. मग सरळ गोऱ्यांच्या ग्रंथालयात जाऊन टेबलाशी बसले आणि वाचू लागले. पोलीस आले, नऊही जणांना अटक. गुन्हा काय, तर वाचन. महाडला ओंजळभर पाणी प्यायलो तो गुन्हा, तसाच हा.

मला कोणी अटक केली नाही. नववीत शाळा सुटली, मग तालुक्याच्या एका वाचनालयात गेलो होतो. तिथल्या माणसानं नाव विचारलं, आडनाव विचारलं, वस्ती विचारली आणि म्हणाला, "डिपॉझिट आण, अन् एखादा ओळखीचा माणूस आण." ओळखीचा म्हणजे कोणाच्या ओळखीचा हे त्यालाही कळत होतं, मलाही. पुढं मी वाचायला शिकलो ते मिलमध्ये, रद्दीच्या गठ्ठ्यांतून. रद्दी जात विचारत नाही.

आता बडोद्याचं. पुस्तक घेऊन खेड्यात जायचं ही कल्पना आपल्या देशात पद्धतशीरपणे अमलात आणली ती सयाजीरावांनी. १९१० साली बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल त्यांनी बोलावला. संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं. जिथं वाचनालय नाही तिथं पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जायच्या. आणि ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी चित्रं, कंदिलाच्या उजेडात दाखवायच्या काचा, पुढं सिनेमा. ग्रंथालयानं कार्यक्रम करायचा, लोकांपर्यंत जायचं, हे आज जे नवं म्हणून सांगतात ते तिथं शंभर वर्षांपूर्वी झालं. मोठं काम. पण त्याच बडोद्यात १९१७ साली परदेशातून शिकून नोकरीला आलेल्या बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नाही. पारशाच्या धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. त्याच वर्षी त्यांची पुस्तकं घेऊन येणारं जहाज टॉर्पेडोनं बुडालं होतं. पुस्तकं समुद्रात, माणूस रस्त्यावर, आणि पेट्या मात्र गावोगाव चाललेल्या. पेटी गावात पोचली म्हणजे पुस्तक महारवाड्यात पोचलं असं होत नाही, दोस्तहो. पेटी उघडायची कोणाच्या ओट्यावर?

हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं असं मला वाटतं. कारण २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा तिच्या उद्देशांत वसतिगृहांच्या जोडीनं वाचनालयं, अभ्यासवर्ग, सामाजिक केंद्रं ही कामं लिहून ठेवली. सभेची कचेरी कुठं? परळला, दामोदर हॉलमध्ये. गिरणगावात. भोंगा झाला की माणूस जिथून चालत जातो तिथं. नागपूरकडे किसन फागुजी बनसोडे यांनी त्याच्याही आधी स्वतःचा छापखाना टाकून पत्रं काढली होती, त्यातलं एक 'मजूर पत्रिका'. आणि ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी पुढं जलसे आले. भीमराव कर्डकांचा जलसा म्हणजे काय होतं? 'बहिष्कृत भारत'मधला विचार ढोलकीवर ठेवून वस्तीत नेणं. मी तर त्याला फिरतं ग्रंथालयच म्हणतो. पुस्तक हातात नव्हतं एवढंच.

१४ ऑक्टोबर १९५६ नागपूर, १६ ऑक्टोबर चंद्रपूर. ही दुसरी तारीख बाहेरचे लोक विसरतात, आम्ही नाही विसरत. बाबासाहेबांनी स्वतः येऊन जिथं दीक्षा दिली अशी दीक्षाभूमी आमच्या चंद्रपूरला आहे. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला तिथं मेळा भरतो आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात. धान अजून शेतात उभं असतं, हातात पैसा नसतो, तरी बाई मिठाई न घेता पुस्तक घेते. स्वतःला वाचता येत नसलं तरी घेते. नातीला देते, म्हणते वाचून दाखव. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. या दोन जिल्ह्यांतलं सगळ्यात मोठं ग्रंथालय कुठलं असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, जे वर्षातून दोन दिवस भरतं ते.

त्यात सरकारी खंडांना मागणी सगळ्यात जास्त. १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली ते निघू लागले. स्वस्त, जाड, पुठ्ठा बांधणीचे. आणि मिळत नाहीत! छपाई रखडली, त्यासाठी घेतलेला कागद गोदामात पडून आहे अशी बातमी आली, तेव्हा २०२१ साली हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. बघा, कागद आहे, वाचणारा आहे, पुस्तक नाही.

सरकारनं काय केलं ते थोडक्यात. १९६७ साली महाराष्ट्रानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याआधी १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं केला होता. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी कर आहे, आपल्याकडे तो नाही. आपल्याकडे गावातल्या मंडळानं वाचनालय चालवायचं आणि सरकारनं अ, ब, क, ड वर्ग लावून अनुदान द्यायचं. वरून पाहिलं तर लोकांचंच राज्य. पण मंडळ कोणाचं? ज्याची शेती, ज्याची माडी, त्याचं. वाचनालय त्याच्या ओसरीत, कपाटाची चावी त्याच्या कमरेला. राज्यात अशी बारा हजारांच्या आसपास वाचनालयं मान्य झाली. २०१२ साली सरकारनं पडताळणी केली तेव्हा कैक ठिकाणी वाचनालय कागदावरच सापडलं. मग नव्यांना मान्यता देणंच वर्षानुवर्षं बंद झालं. चोरांनी खाल्लं त्याची शिक्षा, जो आता कुठं बुद्धविहारात दोन फळ्या लावून पुस्तकं मांडत होता त्याला!

आणि भाषेचं काय? २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. या जिल्ह्यात भामरागडला माडिया बोलतात, धानोऱ्याला गोंडी, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बंगाली, सरहद्दीवर छत्तीसगढी, आणि आरमोरी-वडसाकडं आमची झाडीबोली. या सगळ्यांना पुण्यात छापलेली एकच पेटी पाठवली तर ती उघडणार काहून? १९७९ साली पहिलं आदिवासी साहित्य संमेलन भरलं ते आमच्याच भद्रावतीला. लिहिणारे आहेत. पण कपाटात त्यांना जागा नाही.

या सगळ्यात एक गाव वेगळं निघालं. मेंढा (लेखा), तालुका धानोरा. गोंडांचं छोटं गाव. १९८० च्या दशकापासून तिथं अभ्यासगट बसतो. देवाजी तोफा गावचे, मोहन हिराबाई हिरालाल चंद्रपूरचे, दोघांचंही नाव लोक घेतात, पण बसतं गाव. पद्धत अशी की अभ्यासगटात फक्त अभ्यास करायचा, निर्णय नाही. निर्णय ग्रामसभेत, सगळ्यांच्या मतानं, बहुमतानं नाही. अभ्यासाला विषय कोणते? जंगलाचा कायदा, निस्तार हक्क, मोहोळ न मारता मध कसा काढायचा. ज्याला वाचता येतं तो वाचतो, बाकीचे ऐकतात, उलटं विचारतात. बाहेरचा जाणकार आला तर त्यालाही बसवून घेतात. 'मावा नाटे माटे सरकार', आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा पुस्तकात वाचून सुचलेली नाही. पण पुस्तक वाचल्याशिवाय ती टिकलीही नसती. वनहक्क कायदा २००६ सालचा. मेंढ्यानं तो वाचला, दावा केला आणि २००९ साली अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. तरी वनखातं बांबूचा वाहतूक परवाना देईना. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. मग गावानं स्वतःचा बांबू स्वतः विकला.

त्या परवाना-पुस्तकाला मी ग्रंथ म्हणतो. हसा पाहिजे तर.

आपल्या कार्यकर्त्यांत एक खोड आहे. आदिवासींचं काम म्हणजे दुसऱ्यांचं, असं आपण धरून चालतो. मेंढ्याच्या गोटुलात जे चालतं ते आपल्या विहारात चालतं का, हे विचारा. आपल्याकडे फोटो आहे, वंदना आहे, जयंतीची वर्गणी आहे. ॲट्रॉसिटीचा कायदा आख्खा मोठ्यानं वाचून झालाय असे विहार किती?

अलीकडच्या वर्षांत गडचिरोलीत पोलिसांनीच वाचनालयं काढायला घेतली, 'एक गाव, एक वाचनालय' म्हणून. 'पोलीस दादालोरा खिडकी' या त्यांच्या योजनेच्या जोडीनं. इमारत आहे, टेबल आहे, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आहेत. यावर आमच्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, चाळीस वर्षं बंदुकीच्या दोन टोकांमध्ये पिचलेल्या पोराला पुस्तक मिळतंय, घेऊ दे. दुसरा म्हणतो, ज्या हातानं पुस्तक येतं त्याच हातानं रात्री चौकशी येते, पोरगं मोकळं कसं वाचेल? माझं मत : पुस्तक घ्यावं. पण गावानं त्याच कपाटात आपला एक खण करावा आणि वनहक्क, पेसा, आपल्या भाषेतल्या गाण्यांच्या वह्या तिथं ठेवाव्यात. भरतीची पुस्तकं वाचून पोरगं पोलीस होईल, होऊ दे. पण जंगलाचा कायदा न वाचता ते पोलीस झालं तर उद्या ते कोणाला अडवणार?

मोहगावचंही सांगायला हवं. धानोरा तालुक्यातलंच गाव. २०१९ साली ग्रामसभेनं गोंडी भाषेतली शाळा काढली, नावातच गोटुल. शिक्षण खात्यानं ती अनधिकृत ठरवली, प्रकरण कोर्टात गेलं. पोलिसांनी काढलं तर उपक्रम, ग्रामसभेनं काढलं तर अनधिकृत.

आता कामाचं. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत मंडई भरते, दंडार आणि नाटकं रात्रभर चालतात. जे लोक वाचनालयाची पायरी चढत नाहीत ते तिकीट काढून थंडीत पहाटेपर्यंत बसतात. १९३१ साली मद्रासकडच्या मन्नारगुडीत बैलगाडीवर ग्रंथालय फिरवलं होतं. आम्ही चौघा मिलवाल्यांनी ठरवलंय की यंदा मंडईच्या गावांत पेटी न्यायची, बंडी मिळाली तर बंडी, नाहीतर बसच्या टपावर. नाटकाआधी अर्धा तास मोठ्यानं वाचायचं. डिपॉझिट नाही, ओळखीचा माणूस नाही. पेट्या दोन झाल्यात. मूलकडच्या पेटीत बाबासाहेब, फुले, आणि वनहक्काचा सोपा मराठी कायदा. धानोऱ्याची पेटी गोंडीत वाचून दाखवायला एक पोरगी तयार झालीय. मुलचेऱ्यासाठी बंगाली वाचता येणारा कोणी लागेल, सिरोंच्यासाठी तेलुगूवाला. ज्याला जमेल त्यानं हा अंक ज्याच्या हातून मिळाला त्याच्याकडेच नाव द्यावं, धान कापायच्या आत.