श्वान उद्यानासाठी निधी : स्रोत, पात्रता आणि अटी

पाळीव कुत्र्यांना साखळीविना मोकळेपणाने धावता यावे, यासाठी कुंपण घालून राखून ठेवलेल्या सार्वजनिक जागेस श्वान उद्यान म्हणतात. अमेरिकेतील बर्कले शहरात १९७९ मध्ये सुरू झालेले ओलोनी उद्यान हे या प्रकारच्या आद्य उद्यानांपैकी एक मानले जाते. भारतात हैदराबाद महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूर येथे सुमारे १.३ एकर जागेवर असे उद्यान उभारले. त्यासाठी सुमारे १ कोटी १० लाख रुपये खर्च आला. लहान आणि मोठ्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र आवार, प्रशिक्षणाची साधने आणि पशुवैद्यकीय सेवा यांची तरतूद तेथे करण्यात आली. एवढा खर्च वर्गणीतून उभा करणे रहिवाशांना सहसा शक्य नसते. त्यामुळे अनुदानाचा प्रश्न उपस्थित होतो.

शासकीय साहाय्य

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये स्थापन झालेले भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ मान्यताप्राप्त संस्थांना अनुदान देते. मात्र या योजनांचा भर निराधार, जखमी आणि भटक्या प्राण्यांचे उपचार, निवारा, रुग्णवाहिका आणि निर्बीजीकरण यांवर आहे. पाळीव कुत्र्यांच्या विहारासाठीचे उद्यान ही वेगळी बाब ठरते. त्यामुळे शासकीय पातळीवर स्थानिक स्वराज्य संस्थेचा अर्थसंकल्प हाच मुख्य आधार राहतो.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार, ठरावीक निव्वळ मालमत्ता, उलाढाल किंवा नफा असलेल्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत प्राणी कल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. कंपनीने हे काम संस्थेमार्फत करावयाचे असल्यास ती नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ खालील कंपनी असावी लागते. आयकर कायद्याखालील धर्मादाय नोंदणी आणि केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंदणी क्रमांकही आवश्यक असतो. कंपनीने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेस किमान तीन वर्षांच्या कार्याचा अनुभव दाखवावा लागतो. सहकारी गृहनिर्माण संस्था या व्याख्येत बसत नसल्याने रहिवाशांना पात्र संस्था किंवा महापालिकेस सोबत घ्यावे लागते. या निधीतून निर्माण झालेली स्थावर मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावे ठेवता येत नाही. ती सार्वजनिक प्राधिकरण, पात्र संस्था किंवा लाभार्थींच्या समूहाकडे असावी लागते.

जागा आणि प्रस्ताव

जागेचा प्रश्न सुटल्याखेरीज कोणताही देणगीदार सहसा पुढे येत नाही. शहरांत मोकळी मैदाने मोजकीच असल्याने मुले आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या वापरातील जागा कुत्र्यांसाठी देण्यास विरोध होऊ शकतो. म्हणून जागामालक प्राधिकरणाची लेखी संमती, परिसरातील रहिवाशांचे म्हणणे, मोजणी नकाशा आणि खर्चाचे अंदाजपत्रक प्रस्तावासोबत जोडणे हिताचे ठरते. दुहेरी प्रवेशद्वार, पाण्याची सोय, विष्ठेची विल्हेवाट आणि प्रवेशापूर्वी रेबीज लसीकरणाच्या प्रमाणपत्राची तपासणी यांचा तपशीलही त्यात असावा.

देखभालीची तरतूद

सामाजिक दायित्व निधीतील बहुवर्षीय प्रकल्पास आरंभाचे वर्ष वगळून कमाल तीन वर्षांची मर्यादा आहे. कुंपणाची दुरुस्ती, सफाई, पाणी आणि रखवालदाराचे वेतन हा खर्च मात्र कायमचा असतो. तो महापालिका, प्रवेशशुल्क किंवा रहिवाशांची वार्षिक वर्गणी यांपैकी कोणत्या मार्गाने भागवला जाईल, हे प्रस्तावातच लेखी ठरलेले असावे. अन्यथा अनुदानाची मुदत संपताच देखभालीची जबाबदारी कोणाचीच उरत नाही आणि उद्यान बंद पडण्याचा धोका निर्माण होतो.