वाट पाहणारा संगणक

आमच्या प्रयोगशाळेतील दहा वर्षांचा एक लॅपटॉप मोडीत काढायच्या यादीत गेला होता. बटण दाबून तो कामाला लागेपर्यंत आमचा चहा पिऊन होई. शेवटचा प्रयत्न म्हणून आम्ही त्यातील हार्ड डिस्क काढून तिच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी बसवली. बाकी काही बदलले नाही. आता तो अर्ध्या मिनिटात तयार होतो. मग इतकी वर्षे तो करत काय होता? बहुतांश वेळ वाट पाहत होता. कशाची, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

1956 मध्ये आयबीएम कंपनीच्या रामॅक संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क आली. सुमारे 61 सेंटिमीटर व्यासाच्या 50 तबकड्या मिनिटाला 1200 फेरे घेत. त्यांवरील चुंबकीय लेपात 50 लाख अक्षरे मावत. वाचणारा हात आधी योग्य तबकडीपर्यंत वर किंवा खाली जाई, मग आत सरके. हवी ती नोंद सापडायला सरासरी 600 मिलिसेकंद लागत.

आमच्या लॅपटॉपमधील डिस्क 500 गिगाबाइटची होती, म्हणजे साठवण सुमारे लाखपट वाढली. शोधण्याचा वेळ मात्र किती घटला? ही तबकडी मिनिटाला 5400 फेरे घेते. एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. हवी ती जागा समोर येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो. हात सरकण्याचे सुमारे 12 मिलिसेकंद त्यात मिळवले, तर एकूण 17-18 होतात. म्हणजे सुधारणा जेमतेम 35 पट! तबकडी आणि हात यांना वस्तुमान आहे, म्हणून जडत्वही आहे. तेवढ्या वेळात प्रोसेसर कोट्यवधी क्रिया करू शकतो. सुरू होताना हजारो लहान नोंदी वाचायच्या असल्याने तो पुन्हा पुन्हा थांबून राहतो.

यातून सुटकेची वाट 1967 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दिसली. डॉवन कांग आणि सायमन झी यांनी ट्रान्झिस्टरमध्ये सर्व बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेला एक थर ठेवण्याची कल्पना मांडली. त्यात अडकलेले इलेक्ट्रॉन वीज बंद झाली तरी टिकतात. याच तत्त्वावर जपानमध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृती विकसित केली आणि 1984 मध्ये ती जाहीर केली. 1991 मध्ये सनडिस्क, म्हणजे नंतरची सॅनडिस्क, या कंपनीने 20 मेगाबाइटची फ्लॅश एसएसडी आणली. येथे काहीच फिरत नाही. त्यामुळे आजच्या साध्या एसएसडीतही नोंद सुमारे 0.1 मिलिसेकंदात सापडते. लॅपटॉपसाठीच्या अनेक एसएसडी जुन्या डिस्कच्याच आकाराच्या, त्याच जोडणीच्या बनवल्या गेल्या, म्हणून आमची अदलाबदल एका स्क्रू-ड्रायव्हरने झाली.

अर्थात हीही अमर नाही. प्रत्येक पुसण्याबरोबर तो विद्युतरोधक थोडा झिजतो, आणि बिघडण्यापूर्वी ती डिस्कसारखी खडखडत नाही. म्हणून महत्त्वाच्या नोंदींची दुसरी प्रत हवीच.

शाळेतील मंद संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यात फिरती डिस्क आहे का, हे जरूर पाहावे. असल्यास वरील अर्ध्या फेऱ्याचे गणित मुलांकडून सोडवून घ्यावे. संगणकाचा दोष म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो, तो न्यूटनचा पहिला नियम निघण्याची शक्यता बरीच आहे.