सारीपाटाचा लुडो होताना

बदनापूरहून छत्रपती संभाजीनगरमार्गे वेरूळ सुमारे सत्तर किलोमीटर. तिथल्या २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती फासे खेळत बसले आहेत आणि खाली शिवगण नंदीची छेड काढत आहेत. सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे शिल्प. कारागिरांना हा प्रसंग इतका आवडला की धुमार लेण्यातही त्यांनी तो कोरला.

त्याच घराण्यातला खेळ आज बदनापुरात मोबाइलवर चालतो, लुडो या नावाने. तो एवढा सोपा कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे.

जुना सारीपाट कापडाचा. चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकूण ९६ घरे. चार रंगांच्या सोळा सोंगट्या आणि तीन लांबट फासे. फाशाच्या चार बाजूंवर एक, दोन, पाच आणि सहा ठिपके. दान पडले की खरी परीक्षा सुरू होई. समजा पाच, दोन आणि सहा पडले. तेरा घरे एकाच सोंगटीने चालायची, की दान फोडून तीन सोंगट्या हलवायच्या? एका घरात आपल्या दोन सोंगट्या आल्या की त्यांचे जुग होई आणि एकट्या सोंगटीला ते मारता येत नसे. जुग फोडावे की राखावे, यावर डाव फिरे. शिवाय समोरच्या भिडूचा विचार वेगळाच, कारण खेळ जोडीचा. सहा, सहा आणि एक या दानाचे नाव पोबारा. पळून जाणाऱ्यासाठी मराठीने ते कायमचे उचलले.

अकबराच्या दरबारात उलट्या दिशेचा प्रयोग झाला. ‘ऐन-ए-अकबरी’त चंदल मंडल या खेळाचे वर्णन आहे: सोळा खेळाडू, ६४ सोंगट्या. बादशहाला हौस होती, पण घरोघरी टिकला तो साधा पटच.

पुढे अशाच पटावर कवड्यांनी खेळायची पचिशी इंग्लंडला पोहोचली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड कॉलियरने ‘रॉयल लुडो’चे पेटंट घेतले. कवड्या गेल्या, एकच चौकोनी फासा आला. पट्टीतली घरे चोवीसवरून अठरा झाली, म्हणजे ९६ ची ७२. एकाच फाशामुळे दान फोडण्याचा प्रश्नच मिटला. सहा वर्षांचे मूलही पहिल्याच दिवशी खेळू लागले, ही फार मोठी कमाई आहे. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणलेला ‘लुडो किंग’ टाळेबंदीत घराघरांत पोहोचला, तो याच सोपेपणामुळे.

ऑनलाइन खेळांतही हीच ओढाताण आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये योद्धा, मांत्रिक, शिकारी अशा प्रत्येक पात्राला कौशल्यांचे फांद्याफांद्यांचे झाड होते. २०१२ मध्ये कंपनीने ते काढून सहा पायऱ्या ठेवल्या, प्रत्येक पायरीवर तिनांतून एक निवडायचे. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, ‘ड्रॅगनफ्लाइट’मधून झाडे परत आली. सोपे केलेले पुन्हा अवघड करता येते, आणि खेळणारे ते स्वीकारतातही.

सारीपाटाला मात्र अशी कंपनी नाही. कुणाच्या ट्रंकेत आजीचा पट आणि फासे असतील, तर या दिवाळीत ते बाहेर काढा. लुडो येणाऱ्या पोरांना शेजारी बसवा आणि आधी जुग म्हणजे काय ते दाखवा.