गिरकीची मोजपट्टी

प्रकाशाच्या वेगाला टेकलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वेगावरून मोजता येत नाही. तिथे ऊर्जा दुप्पट केली तरी वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. म्हणून सुरुवातीला भिस्त चुंबकांवर होती. चुंबक इलेक्ट्रॉनांची वाट किती वाकवतात, यावरून ऊर्जा काढायची. पण शेकडो चुंबकांच्या माळेत प्रत्येकाचे बारीकसारीक दोष बेरजेत येतात.

खरी मोजपट्टी इलेक्ट्रॉनातच निघाली. प्रत्येक इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा असतो. वर्तुळाकार यंत्रात फिरताना तो प्रकाश सांडतो आणि त्या ओघात इलेक्ट्रॉनांचे आस हळूहळू एका दिशेने उभे राहू लागतात, हे सोकोलोव आणि टेर्नोव या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला गणिताने दाखवले. असा आस जरा कलला तर एका फेरीत किती वेळा डोलेल, हे ऊर्जेवर ठरते. ऊर्जा सुमारे ४४ कोटी ६ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टनी वाढली की फेरीमागे एक डोल वाढतो. सैबेरियातल्या नोवोसिबिर्स्कच्या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात याचीच मोजपट्टी केली.

रीत झोपाळ्याची आहे. नेमक्या ठेक्यात दिलेला हलका रेटाही झोपाळा उंच नेतो. तसा दुबळा चुंबकीय रेटा फेरीफेरीला द्यायचा आणि ठेका किंचित बदलत राहायचे. ठेका जुळला की उभे आस कलंडतात. झोतावर सोडलेला लेसरचा प्रकाश उसळून येतो, त्याच्या ठशावरून हे कलंडणे लगेच दिसते. डोलांच्या आकड्यातला पूर्णांक चुंबकांवरून माहीतच असतो. अपूर्णांक हा ठेका देतो.

जिनिव्हाजवळ सर्न प्रयोगशाळेच्या २६.७ किलोमीटर घेराच्या लेप यंत्रात १९९१पासून ही रीत वापरली गेली. तिथे फेरीमागे सुमारे १०३.५ डोल होते आणि ४,५६० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या ऊर्जेत १० लाखांइतका लहान फरकही टिपता येत होता. आणि मग आकडे रोज वेगळे येऊ लागले!

कारण चंद्र होता. समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही येते. तिच्यामुळे यंत्राचा घेर जेमतेम मिलिमीटरभर बदलायचा आणि ऊर्जा सुमारे १ कोटीने हलायची. पुढे जिनिव्हा सरोवराच्या पाण्याची पातळीही या आकड्यांत सापडली. मला सर्वात भावतो तो आगगाड्यांचा शोध. चुंबकक्षेत्राच्या नोंदीत दिवसभर थरथर असायची. मध्यरात्रीनंतर रेघ शांत व्हायची आणि पहाटे पहिली गाडी सुटली की पुन्हा थरथरायची. रुळांतून जमिनीत झिरपणारी वीज यंत्राच्या धातूच्या नळीतून वाट काढत होती. एवढ्या चिकाटीने आपल्याच आकड्यांवर संशय घेणारी माणसे मला फार मोठी वाटतात.

हे सगळे लेपमधल्या टकरींतून जन्मणाऱ्या झेड कणाचे वस्तुमान ठरवण्यासाठी चालले होते; ते टकरीच्या ऊर्जेवरूनच काढायचे होते. लेपवरच्या एल-३ प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते. लेप २०००मध्ये बंद झाले. २००६मध्ये छापलेला या वस्तुमानाचा अंतिम आकडा ९,११८ कोटी ७५ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे, २१ लाख इकडे किंवा तिकडे. त्यातले १७ लाख अजूनही झोताच्या ऊर्जेच्या मोजणीचेच आहेत.